मनगटावरचं नाव

आमच्या घरी दर रविवारी दोन अर्थमंत्री भेटतात. एक माझा नवरा दत्तप्रसाद, मुक्काम गिरावीन, सिडनी. दुसरा त्याचा धाकटा भाऊ श्रीनाथ, मुक्काम ओहायो, अमेरिका. एरवी हे अधिवेशन व्हिडिओ कॉलवर भरतं, त्यामुळे फोन घेऊन बाहेर जा असं तरी मला सांगता येतं. यंदा श्रीनाथ एकटाच दीड महिना राहायला आला आणि अधिवेशन थेट माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं.

श्रीनाथ माझ्याहून लहान. त्याला भावजी म्हणायचं आणि वर अरे-तुरे करायचं, अशी आमची लग्नापासूनची तडजोड आहे. तो फिजिओथेरपिस्ट. तिकडे त्याची दोन क्लिनिकं होती, आता एकच आहे. दुसरं का बंद पडलं हे विचारायची सोय नाही, कारण मग तो पार सुरुवातीपासून सांगतो. आरोग्य सुधारणेचा कायदा आला, स्टाफच्या इन्शुरन्सचे हप्ते वाढले, त्याचा स्वतःचा चांगला चाललेला प्लॅन बंद झाला, एका थेरपिस्टमागे कागद भरायला दोन माणसं बसवावी लागली. एका म्हाताऱ्या बाईंची फी त्याने सोडून दिली तर त्यावरही पत्र आलं, अशी परस्पर फी सोडता येणार नाही म्हणून. सरकारने ऐपतीबाहेर खर्च करायचा आणि बिल नातवंडांच्या नावावर फाडायचं, हे त्याला मनापासून चुकीचं वाटतं. माझं मी बघतो, गरजवंताचंही बघतो, फक्त माझ्या वाटेत येऊ नका, हे त्याच्या सगळ्या बोलण्याचं सार.

मला त्याचं सगळंच चूक वाटत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी सरकारी वेटिंग लिस्टवर वर्षाहून जास्त लटकले होते आणि शेवटी प्रायव्हेटमध्ये करून घेतलं. पण हे दत्तासमोर बोलायची चोरी. आमची ओवी वेळेच्या खूप आधी जन्मली तेव्हा आम्हाला नुकतीच पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली होती, गाठीला काहीच नव्हतं. पोर कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होती. कोणी पैशाचं नावही काढलं नाही. तेव्हापासून दत्ता इथल्या सरकारी आरोग्यसेवेला 'आपलं मेडिकेअर' म्हणतो, आणि असं म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गावच्या देवळाबद्दल बोलतोय. श्रीनाथ त्यावर हटकून विचारणार, "आपलं म्हणजे नक्की कोणाचं, दादा?"

त्या रविवारी सकाळी आम्ही तिघं पेंडल हिलला वाणसामान आणायला गेलो. दोघा भावांचे चेहरे इतके सारखे की दुकानदाराने श्रीनाथलाच विचारलं, "भाईसाब, दाढी कब से रख ली?" आणि दत्ताकडे बघून खजील झाला. तांदळाची पिशवी श्रीनाथने कोणाला उचलू दिली नाही. गाडीपाशी येऊन त्याने डावा हात दोनदा झटकला. मुंग्या आल्या, म्हणाला. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण माझं लक्ष कोथिंबिरीकडे होतं.

दुपारी पुऱ्या आणि श्रीखंड केलं होतं. ओवीही आज घरी होती, एरवी ती युनिव्हर्सिटीच्या नावाखाली गायब असते. जेवता जेवता विषय औषधांच्या किमतींवर आला. सरकारने भाव बांधून दिले की सगळ्यांना परवडतात, असं दत्ताचं म्हणणं. भाव बांधले की नवीन औषध शोधायला कोण जाईल, असं श्रीनाथचं. मग दत्ता कर्जबाजारी अमेरिकेवर घसरला, श्रीनाथने सिडनीतल्या घरांच्या परवानग्यांचे वाभाडे काढले. मी पुऱ्या लाटत होते आणि दोघांच्या बोलण्यात कुठे फट सापडते का बघत होते.

फट सापडली. श्रीनाथ वाक्याच्या मध्येच थांबला. दत्ताला वाटलं आपण जिंकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकटा भाऊ निरुत्तर झालेला बघून तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "बोल की आता." श्रीनाथच्या हातातला चमचा ताटात पडला. त्याने बोलायचा प्रयत्न केला तर शब्द ओले झाल्यासारखे एकमेकांना चिकटून आले. दत्ता अजून हसतच होता. ते हसू मला अजून आठवतं आणि त्याचा मला राग येतो, आणि दत्ताची कीवही येते.

"ममा, लुक ॲट हिज फेस," ओवी म्हणाली. ती उठून काकासमोर गेली आणि त्याला स्माईल करायला सांगितलं. स्ट्रोक ओळखायला शाळेत शिकवतात म्हणे हे. अर्धंच तोंड हसलं.

ओवीने ॲम्ब्युलन्सला फोन करायला हातात मोबाईल घेतला तर श्रीनाथने उजव्या हाताने तो खाली दाबला. बिल, एवढा एकच शब्द त्याला नीट म्हणता आला. आम्ही ऐकायला नको होतं. पण दत्ताने गाडी काढलीही होती. ओवी घरीच थांबली. वाटेत त्याने भावाला विचारलं, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला होतास ना. श्रीनाथने मान हलवली, नाही. येतानाच त्याने ऐकवलं होतं की धडधाकट माणसाला घाबरवून विकायचा तो धंदा आहे. दत्ताने गाडीचा वेग वाढवला.

जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पोचलो. श्रीनाथला लगेच व्हीलचेअरवर आत नेलं. काउंटरवरच्या बाईंनी मेडिकेअर कार्ड मागितलं आणि मी पर्समधून काढून दिलं. सवयीने दिलं, असं मी स्वतःला सांगते. हा आमचा पाहुणा आहे, अमेरिकेहून आलाय, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता. त्या हिरव्या कार्डावर फोटो नसतो. आमच्या तिघांची नावं असतात, एकाखाली एक. बाईंनी विचारलं, यातला पेशंट कोण. दत्ताचं बोट पहिल्या नावावर जाऊन थांबलं.

बोट मी पाहिलं आणि गप्प राहिले. मनात काय आलं तेही सांगते, कारण ते लाजिरवाणं आहे. मनात आलं की त्याच्या पूर्ण नावातली तीनपैकी दोन नावं तर खरीच आहेत. मधलं बापाचं, शेवटचं घराण्याचं. मनोहर वझे दोघांच्याही नावात आहेच, राहता राहिलं एक पहिलं नाव, त्याने असं काय होणार आहे.

कॉरिडॉरमध्ये मी दत्ताला विचारलं की हे काय करून बसलास. तो पॅरामॅटाला एका सरकारी डिपार्टमेंटमध्ये नोकरीला आहे. लोकांनी अर्जात लिहिलेलं खरं आहे का, हे ताडून बघणारी सॉफ्टवेअर सिस्टिम तो सांभाळतो. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर याच्याच सिस्टिमने त्याला पकडलं असतं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"आपलंच आहे गं," तो म्हणाला. "इतकी वर्षं टॅक्स भरतोय. एकदा माझ्या भावाला लागलं तर काय बिघडलं? तोही आपलाच आहे ना?"

मला त्याच्याशी भांडता आलं नाही. इतका घाबरलेला दत्ता मी ओवीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच बघत होते.

आत बरंच बरं चाललं होतं. डोक्याचा स्कॅन झाला, त्यात रक्तस्राव दिसला नाही. श्रीनाथची जीभ मोकळी झाली, हातात थोडी ताकद आली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ येऊन गेली असावी, पण पुन्हा येऊ शकते, म्हणून लक्ष ठेवायचं. दत्ता गाडी नीट पार्क करायला आणि ओवीला फोन करायला बाहेर गेला. मी पलंगाशेजारी बसले.

नर्स आली. पिकल्या केसांची, शांत बाई होती. तिने श्रीनाथला त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली. इथे गोळी देतानाही विचारतात, प्रत्येक वेळी विचारतात, पेशंटच्या तोंडूनच ऐकतात. हे मला माझ्या गुडघ्याच्या वेळेपासून माहीत होतं आणि काउंटरवर अजिबात आठवलं नव्हतं.

श्रीनाथ मनोहर वझे, तो स्पष्ट म्हणाला, आणि स्वतःची जन्मतारीख सांगितली.

नर्सने मनगटावरचा पट्टा पाहिला. पुन्हा विचारलं, जरा हळू, लहान मुलाला विचारावं तसं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग तिने विचारलं आपण कुठे आहोत. सिडनी. महिना कोणता. तोही बरोबर. डोकं दुखतंय का, नाही. मग तो आपणहून म्हणाला की मी ब्लड थिनर घेतो, माझ्या हृदयाचे ठोके चुकतात. नर्सने स्क्रीनवर बघितलं. स्क्रीनवर दत्ता होता, कोलेस्टेरॉलची एक गोळी आणि बाकी ठणठणीत. "नो लव्ह, यू आर नॉट ऑन एनी," असं म्हणून तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मी ते वाचलं. स्वतःचं नाव सांगता येत नाही, गोंधळलेला, असं होतं. ज्याने खरं सांगितलं त्याचं खरं बोलणंच आजाराचं लक्षण म्हणून नोंदलं गेलं होतं.

ती गेल्यावर श्रीनाथने मनगट डोळ्यांपाशी नेलं आणि पट्टा वाचला. बराच वेळ वाचत राहिला. मी त्याला विचारलं की थिनरचं खरं का. खरं होतं. दोन वर्षं घेत होता, घरात कोणाला बोलला नव्हता. प्रवासासाठी जादा गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेत होता. हा दोष इन्शुरन्स कंपनीचा की सरकारी नियमांचा, यावर ते दोघं पुढची दहा वर्षं भांडू शकतील. दादाला सांगू नकोस, जिंकल्यासारखा नाचेल, असंही तो म्हणाला. मला हसू आलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "फुकट मिळतं ते दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येतं, असं मी जन्मभर सांगत आलोय. आणि आज मी दादाच्या नावाने इथे झोपलोय."

मी म्हटलं, आत्ता जाते आणि खरं सांगते.

"सांगितलंस तर त्याची नोकरी जाईल," तो म्हणाला. "आणि मी दत्तप्रसाद आहे असं माझ्याने म्हणवणार नाही. म्हणून मी आता बोलणारच नाही. थोडा वेळ काढू. बरं वाटलं की घरी जाऊ."

केवढा शहाणा माणूस आणि काय हा हिशेब. पण मीही थांबले. दत्ता येऊ दे, दोघं मिळून सांगू, असं ठरवलं. नवऱ्याला न विचारता त्याची नोकरी पणाला लावायचं माझं धाडस झालं नाही.

दत्ता यायच्या आधी नर्स आली. नाव विचारलं. श्रीनाथने डोळे मिटून घेतले. पुन्हा विचारलं, तो बोलला नाही. दोन्ही हात वर उचलायला सांगितले, तर डावा हात उचलला आणि हळूहळू खाली आला. ते मुद्दाम नव्हतं. तिने बटण दाबलं. डॉक्टर आले, आणखी दोघं आले, आणि त्याच वेळी दत्ता पडद्यातून आत शिरला.

डॉक्टर तरुण होते, घाईत असूनही सावकाश बोलत होते. लक्षणं परत आली आहेत, आता बोलणंही बंद झालंय, गोंधळ आधीपासून होता. वेळ गेलेला नाही, गाठ विरघळवणारं औषध शिरेतून देता येईल. त्याआधी दोन गोष्टी घरच्यांकडून हव्यात. ते दत्ताकडे वळले, कारण चेहऱ्यावरूनच कळत होतं की हा भाऊ आहे. यांचं नाव काय, त्यांनी विचारलं, कारण पेशंट मघाशी वेगळंच नाव सांगत होते.

श्रीनाथने डोळे उघडले आणि भावाकडे पाहिलं.

"दत्तप्रसाद," दत्ता म्हणाला.

बोटाने दाखवणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. श्रीनाथने मान भिंतीकडे फिरवली. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, रक्त पातळ करणारं औषध कधी घेतलंय का. दत्ता लगेच नाही म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो आपल्या भावाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला स्वतःची फाईल आठवून उत्तर देत होता. नर्सने ट्रे जवळ ओढला.

मी उठले. माझं बोट वर झालं आणि ते दत्ताकडे होतं.

"दत्तप्रसाद हा आहे," मी इंग्रजीत म्हणाले, "माय हजबंड. बेडवरचा त्याचा भाऊ श्रीनाथ. कार्ड त्याचं नाही. तो मघाशी सगळं खरं सांगत होता. ही टेक्स अ ब्लड थिनर."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, थँक यू, औषधाचं नाव काय. श्रीनाथने जड जिभेने पण बरोबर नाव सांगितलं, डोस सांगितला, शेवटची गोळी आज सकाळीच घेतल्याचं सांगितलं. ट्रे परत गेला. रक्त तपासायला घेतलं, पुन्हा स्कॅनला नेलं. पलंग ढकलत नेत असताना डॉक्टरांनी मागे राहून मला सांगितलं की ती गोळी पोटात असताना हे औषध दिलं असतं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकला असता. दत्ता तिथेच उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तो खाली बसला, खुर्ची कुठे आहे हे न बघता, जमिनीवरच.

मी त्याच्याजवळ गेले नाही. मला त्याचा राग आला होता आणि माझाही आला होता, आणि त्या दोन रागांत आधी कोणता आवरायचा ते मला कळेना. थोड्या वेळाने काउंटरवरच्या बाई येऊन सांगून गेल्या की उद्या सकाळी एक मॅनेजर तुमच्याशी बोलतील. पाहुण्या पेशंटचा खर्च वेगळा लागेल, आणि कार्डाचंही विचारतील. त्यांचा आवाज चांगला होता. दत्ता हो म्हणाला. मी आधीच ऑफिसला कळवतो, असं तो मग मला म्हणाला, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा. पुढे काय होईल ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. ओहायोला सुमेधाला, श्रीनाथच्या बायकोला, फोन करायचाही अजून राहिला होता.

श्रीनाथला परत आणलं तेव्हा तो थकला होता, पण जागा होता. डाव्या हाताची बोटं त्याला नीट मिटता येत नव्हती. येतील की नाही, किती येतील, हे आज सांगता येणार नाही म्हणाले. लोकांचे हात चालते करायचा त्याचा धंदा, त्याने त्या बोटांकडे एकदा बघितलं आणि हात चादरीखाली घेतला.

तीच नर्स कात्री घेऊन आली. तिने दत्तप्रसाद मनोहर वझेचा पट्टा कापला आणि नवा बांधायच्या आधी पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली. श्रीनाथने सांगितली. तिने मान डोलावली, या वेळी तिला ते बरोबर वाटलं. मग तिने जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं, म्हणजे काही झालं तर कोणाला बोलवायचं.

श्रीनाथने दत्ताकडे बघितलं. "माय ब्रदर," तो म्हणाला.

नर्स पेन धरून दत्ताकडे वळली. "अँड युअर नेम?"

दत्ताने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिने पुन्हा विचारलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि मला वाटलं की आता हाही स्वतःचं नाव विसरल्याचं कुठेतरी लिहिलं जाईल.

"दत्तप्रसाद मनोहर वझे," पलंगावरून श्रीनाथ म्हणाला. प्रत्येक शब्द त्याला कष्टाने जोडावा लागत होता, तरी बापाचं नाव त्याने गाळलं नाही. "तो माझा मोठा भाऊ आहे."

नर्सने स्पेलिंग विचारलं. दत्ता एकेक अक्षर सांगायला लागला, डी, ए, डबल टी, आणि अर्ध्यावर येऊन त्याला रडू फुटलं. नर्स पेन तसंच धरून थांबली. उरलेली अक्षरं श्रीनाथने सांगितली.